पेटीला कान लावून

आक्का गेल्या त्या सकाळी मी चहाचा कप घेऊन त्यांच्यासमोर बराच वेळ उभी होते, आणि त्या गेल्या आहेत हे मला कळलं नव्हतं. थंडीचे दिवस होते. मखमलाबादच्या आमच्या मळ्यात पौषातलं धुकं गुलाबाच्या ओळींवरून लवकर हलत नाही. फुलं तोडून टेम्पो मार्केटला गेला की घर जरा मोकळं होतं, तेव्हा मी आक्कांचा चहा घेऊन जांभळाखाली जायची. तिथे त्यांच्या मधमाश्यांच्या पेट्या. आक्का बुटक्या स्टुलावर बसलेल्या होत्या, उजवा गाल पेटीच्या लाकडाला टेकलेला, डोळे मिटलेले, एक हात झाकणावर. ही त्यांची रोजचीच बैठक. ऐकत असताना मध्ये बोललेलं त्यांना चालत नसे, म्हणून मी थांबले. ऊन फांद्यांतून उतरून पेटीच्या दाराशी आलं, तशी एकेक माशी बाहेर येऊन ऊन अंगावर घ्यायला लागली. दोन-तीन माश्या आक्कांच्या केसांवर उतरल्या. त्यांनी झटकल्या नाहीत, पण त्या कधीच झटकत नसत... चहावर साय धरली. शेवटी मी हळूच म्हटलं, "आक्का, गार होतोय." मग खांद्याला हात लावला. खांदा दवाने ओला होता.

डॉक्टर आले, हृदय बंद पडलं म्हणाले, पहाटेच कधीतरी. ह्यांनी आणि गड्याने आक्कांना उचललं तेव्हा त्यांच्या गालावर फळीच्या रेघा उमटलेल्या दिसल्या. सगळे घराकडे गेले. मी मात्र मागे राहिले, आणि का ते माहीत नाही, पण त्यांचा गाल जिथे टेकलेला होता तिथे तळहात ठेवला. लाकूड कोमट होतं. आत नेहमीचा आवाज चालू होता, संथ, भरलेला, कशातच काही बदल नसलेला. त्या सकाळी मला भीती वाटली ती त्या आवाजाची.

आक्का म्हणजे इंदुमती, माझ्या यजमानांची थोरली बहीण. घरात, मळ्यात, गावात सगळे त्यांना आक्काच म्हणायचे. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या नाशिकच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होत्या. ट्रंक कॉल बुक करायचे दिवस होते ते. भाजी-फुलं पिकवणाऱ्या आमच्या घरात मुलीने रात्रपाळी करणं म्हणजे चर्चेचा विषय, आणि त्या पाळ्यांमध्येच त्यांच्या लग्नाचा विषय मागे पडत गेला. त्याचं दुःख त्यांनी केल्याचं मी पाहिलं नाही. सुट्टीला घरी आल्या की पडवीत बसून एक्सचेंजच्या गोष्टी सांगायच्या. त्यातली एक मला कायमची लक्षात राहिली. कधीकधी दोन्हीकडचे फोन उचललेले असत, पण कुणीच काही बोलत नसे. बोर्डावर दिवा लागलेला आणि कानात नुसती लाइन. त्याला त्या मुकी लाइन म्हणत. "माणूस बोलत नसला तरी लाइन रिकामी आहे का भरलेली, ते कळतं गं शैला," त्या म्हणायच्या. "रिकामी लाइन पोकळ वाजते. भरलेल्या लाइनीत कुणीतरी असतं. श्वाससुद्धा ऐकू येत नाही, पण असतं." मी विचारलं होतं, "मग तुम्ही काय करायचात?" तर म्हणाल्या, "काही नाही. त्यांचं होईपर्यंत ऐकत बसायचे."

मधमाश्या त्यांच्या आयुष्यात आल्या त्या निवृत्तीच्या वर्षी, आणि त्यासुद्धा टेलिफोनच्याच वाटेने. आमच्या रस्त्याच्या वळणावर टेलिफोनची एक लोखंडी पेटी उभी असायची, माणसाच्या छातीइतकी उंच, करड्या रंगाची. मोबाइल आले, लाइनी बंद पडल्या, पेटी तशीच राहिली. तिच्यात सातेरी माश्यांनी पोळं केलं. सातेरी ही आपल्याकडची अंधारात घर करणारी माशी, झाडाची ढोली, भिंतीची कपार, जिथे उजेड नाही तिथे राहते. शाळेत जाणाऱ्या एका पोराला त्या चावल्या, आणि गावातल्या दोघा-तिघांनी रॉकेल आणि बोळे आणले. आक्का बसमधून उतरून घरी येत होत्या. त्या म्हणाल्या, "थांबा जरा," आणि सरळ जाऊन त्यांनी त्या पेटीच्या पत्र्याला कान लावला. लोक मागे सरकले. मी तिथेच होते, त्यांना मागे ओढून घ्यावं असं मलाही वाटलं. पण त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहून मी जागची हलले नाही. आपलं नाव घेऊन कुणी लांबून हाक मारावी, तसा चेहरा झाला होता. "भरलेली आहे," त्या म्हणाल्या. बाकी कुणाला त्याचा अर्थ कळला नाही.

त्यांनी रॉकेल लावू दिलं नाही. मधमाशीपालनाचं प्रशिक्षण देणाऱ्या एका गृहस्थांना त्यांनी बोलावून आणलं. त्या गृहस्थांनी पत्र्याचं दार उघडलं, हलका धूर दिला, आणि पोळ्याच्या चकत्या एकेक करून कापून लाकडी चौकटींत केळीच्या सोपटाने बांधल्या. राणीमाशी सापडली, तिला छोट्या पिंजरीत घालून नव्या पेटीत ठेवलं, आणि मग जे झालं ते मी पहिल्यांदा पाहिलं. पत्र्यावरच्या, तारांवरच्या, त्या गृहस्थांच्या बाहीवरच्या माश्या कुणी सांगितल्यासारख्या वळल्या आणि रांगेने नव्या पेटीच्या दारातून आत चालत गेल्या. चालत गेल्या, उडत नाही. ती पेटी आमच्या जांभळाखाली आली. स्टँडच्या पायांखाली मुंग्या चढू नयेत म्हणून पाण्याच्या वाट्या ठेवल्या. आक्कांनी शहरातली खोली सोडली आणि कायमच्या मळ्यावर राहायला आल्या.

पुढच्या वर्षांत एकीच्या अनेक पेट्या झाल्या. मला माश्यांची भीतीच होती, पण आक्का शिकवायला बसल्या की उठवत नसे. पेटीत राणी एकच, बाकी हजारो कामकरी माश्या, त्याही माद्याच, आणि हंगामापुरते थोडे नर. मला वाटायचं राणी म्हणजे हुकूम सोडणारी कुणी असेल. आक्का हसल्या. "तिचा हुकूम कुणी ऐकत नाही. ती फक्त अंडी घालते, आणि तिचा वास सगळ्या पेटीभर फिरत राहतो. वास आहे तोवर सगळ्यांना वाटतं की सगळं ठीक आहे." राणी जन्माला येत नाही, तिला घडवतात, हे ऐकून मी चकित झाले होते. अंडं तेच असतं. अळीला कोवळेपणापासून शेवटपर्यंत एक खास पांढरं अन्न भरवलं तर ती राणी होते, मध्येच साध्या परागावर आणली तर कामकरी. राणी मेली आणि पोळ्यात कोवळी अळी शिल्लक असेल तर माश्या घाईघाईने नवी राणी घडवतात. कोवळी अळी नसेल तर... आक्का तिथे थांबायच्या. "तर काही नाही. मग नुसतं चालू राहतं."

ऐकायलाही त्यांनीच शिकवलं. पेटीवर बोटाच्या पेराने हलकं टकटक करायचं. आतून फुस्सकन आवाज उठतो. राणी असेल तर तो आवाज उठला तसा लगेच बसतो. राणी नसेल तर तो बसत नाही, लांबत जातो, खाली-वर होत राहतो, विव्हळल्यासारखा. मी तो आवाज एकदाच ऐकला, एका आजारी पेटीचा, आणि पुन्हा ऐकायची इच्छा झाली नाही. मेलेल्या माणसाच्या घरातून रस्त्यावर येणारा आवाज असतो ना, शब्द कळत नाहीत पण पावलं मंदावतात, तसा तो होता.

आणखी एक आवाज त्यांनी मला ऐकवला तो चैत्रातल्या एका दिवेलागणीला. जुनी राणी अर्धी पेटी घेऊन उडून गेली होती, नव्या राण्या आपापल्या मेणाच्या घरांत तयार होत होत्या. त्यातली एक आधी बाहेर पडली होती. आक्कांनी माझं डोकं धरून पेटीला लावलं. आधी नुसती गुणगुण. मग तिच्यातून एक बारीक, उंच स्वर निघाला, लांबलचक, आणि मागोमाग तोच तुटक तुटक. लहान मुलाने पुंगी वाजवावी तसा. आणि त्याला उत्तर आलं... एकाहून जास्त जागांहून, बसक्या, कोंडलेल्या आवाजात. "ह्या कोण?" मी विचारलं. "अजून जन्मायच्या राण्या. मेणाच्या आतून बोलतात." "आणि ती काय म्हणते?" आक्का म्हणाल्या, "ती विचारते, कुणी आहे का? ह्या सांगतात, आहे. मग ती आवाजाच्या जागी जाते आणि मेणातून नांगी आत घालते." त्यांनी हे शांतपणे सांगितलं. नंतर स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "ऑपरेटरला शिकवतात, समोर कोण आहे कळल्याशिवाय आपलं नाव सांगायचं नाही. ह्यांना कुणी शिकवत नाही."

सगळंच असं अंगावर येणारं होतं असं नाही. मध काढला की ओंजळभर पोळं घरातल्या प्रत्येकाच्या हातात यायचं, सासूबाईसुद्धा मेण चोखून चोखून थुंकायच्या. आजूबाजूच्या मळ्यांतले लोक भोपळ्याला, कारल्याला फळ चांगलं धरतं म्हणून पेटी मागायला यायचे. विंचूरकडे माझा मावसभाऊ कांद्याचं बी करतो. कांद्याचे डोंगळे फुलले की शेतभर पांढरे गोंडे डोलतात, आणि माशी फिरली नाही तर त्यात बी भरत नाही. एका वर्षी आक्कांनी त्याला पेट्या दिल्या. माश्या परत आल्यावर संध्याकाळी दारं जाळीने बंद करून पेट्या टेम्पोतून नेल्या, आक्का स्वतः सोबत जाऊन त्या मांडून आल्या. थोड्याच दिवसांत मावसभावाचा फोन आला. शेजारच्या कुणीतरी भर दुपारी, फुलांवर माश्या असताना औषध मारलं होतं. कुणी, ते कळलं नाही.

आम्ही पोचलो तेव्हा डोंगळे तसेच डोलत होते आणि शेतात कसलाही आवाज नव्हता. मला वाटतं तोवर मी शांतता असं नुसतं म्हणत आले होते, त्या दिवशी ऐकली. पेट्यांच्या दाराशी माश्यांचे ढीग पडले होते आणि प्रत्येकीची बारीक जीभ बाहेर आलेली होती. विषाने मेलेली माशी तशीच मरते, आक्का म्हणाल्या. मग त्या एकेका पेटीला गाल लावत गेल्या आणि प्रत्येक पेटीपाशी मान हलवून पुढे सरकल्या. शेवटच्या पेटीपाशी त्या इतका वेळ बसल्या की मावसभाऊ मला म्हणाला, "ताई, उठव त्यांला. काय राह्यलंय त्यात." मी हात लावायला गेले तर आक्का डोळे न उघडता म्हणाल्या, "आहे." आम्ही झाकण काढलं. कोपऱ्यात मूठभर माश्या एकमेकींना चिकटून गोळा झाल्या होत्या आणि त्यांच्या मधोमध राणी. घरी आणून आक्कांनी त्या मूठभरांना दुसऱ्या एका बिनराणीच्या पेटीशी जोडलं. दोन्हींच्या मध्ये वर्तमानपत्राचा एक कागद अंथरायचा. दोन्हीकडच्या माश्या तो हळूहळू कुरतडतात, कागद संपेपर्यंत एकमेकींचा वास ओळखीचा झालेला असतो, मग भांडत नाहीत. जांभळाखाली जी पेटी मधोमध उभी आहे, जिच्याशी बसून आक्का गेल्या, ती हीच.

पुढे त्यांचं ऐकणं कमी झालं. आयुष्यभर कानावर हेडफोन, त्यात वय. डॉक्टरांनी मशीन दिलं, ते त्या आमच्याशी बोलायला लावत आणि पेट्यांकडे जाताना काढून ओट्यावर ठेवून जात. "तिथलं मी कानाने ऐकत नाही गं, हाडाने ऐकते," म्हणायच्या. हळूहळू त्या घरातही मशीन काढून बसायला लागल्या. गेल्या वर्षी उन्हाळ्यात एकदा जेवताना म्हणाल्या, "आईच्या खोलीत माश्या आहेत."

आई म्हणजे माझ्या सासूबाई. नव्वदीला आलेल्या, पण घर त्यांच्याभोवतीच फिरायचं. कोणता वाफा आधी तोडायचा, कुणाच्या लग्नाला कुणी जायचं, सगळं त्यांच्या खाटेपाशी ठरायचं. त्यांची खाट भिंतीला लागून. ह्यांनी खोली पाहिली, घराला बाहेरून चक्कर मारली. एकही माशी दिसली नाही. आक्का भिंतीला हात लावून म्हणाल्या, "बाळू, ह्या भिंतीत आहे." हे म्हणाले, "आक्का, भिंत सलग आहे." सासूबाईंना विचारलं तर त्यांना ऐकूच येत नव्हतं फारसं. एवढंच म्हणाल्या, "मला नाय ऐकू येत काय. पण ही भिंत लय ऊबदार हाय. पाठ लावली का बरं वाटतं." त्यावर आम्ही हसलो. कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं की ऐकू येणं कमी झालं की कान स्वतःचे आवाज करायला लागतात, गुणगुण, शिट्टी, काहींना तर भजनं ऐकू येतात. मग आक्का कधी चौकटीला, कधी खांबाला गाल लावून उभ्या दिसल्या की आम्ही एकमेकांकडे बघायचो. पाहुणे आले की ह्यांना अवघडल्यासारखं व्हायचं. माझ्याशी बोलताना ते एकदोनदा म्हणाले की पेट्या सटाण्याकडच्या कुणा डाळिंबवाल्याला देऊन टाकाव्यात, त्या माश्यांनीच तिचं डोकं फिरलंय.

श्रावण संपता संपता आक्का एका सकाळी स्वयंपाकघरात आल्या. मी पोळ्या करत होते. माझ्या शेजारी उभ्या राहून हळू आवाजात म्हणाल्या, "शैला, भिंतीतला आवाज बदलला." मी म्हटलं, "कसा?" त्यांनी ओट्यावर पेराने टकटक केलं आणि तळहात वर धरून तो खाली न आणता नुसता हलवत ठेवला. बसत नाही, असं त्यांना सांगायचं होतं. तव्यावरची पोळी करपली. त्याच दिवशी दुपारी सासूबाईंनी मला हाक मारली. "ही भिंत गार पडली गं. मला गोधडी दे." मी गोधडी पाठीमागे लावून दिली. संध्याकाळी आक्का ह्यांना म्हणाल्या, "बाळू, पेट्या कुणाला द्यायच्या त्याला दे. पण आधी ही भिंत उघड." हे उठून बाहेर गेले. त्या आठवड्यात सासूबाई झोपेतच गेल्या. तोंड भिंतीकडे होतं.

दिवसकार्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यांत आक्का त्या आवाजाबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. पण मला त्यांची भीती वाटायला लागली, हे खरं. त्या जवळ येऊन बसल्या आणि त्यांचा हात माझ्या पाठीवर पडला की मी काहीतरी काम काढून उठायची. काय ऐकतील आणि काय सांगतील, नको वाटायचं. त्यांच्या लक्षात आलं असणार. एक दिवस स्वतःच म्हणाल्या, "मला माणसांचं काही कळत नाही गं. फक्त माश्यांचं कळतं." मी मान डोलावली. विश्वास बसला नाही.

दिवाळीआधी खोलीला रंग द्यायला काढला. रंगारी खरवडत होता, तो म्हणाला, "भाऊ, इथं आत पोकळ वाजतंय." तेव्हा ह्यांना आठवलं. पूर्वी तिथे खिडकी होती. मागे न्हाणीघर वाढवलं तेव्हा बाहेरून विटा लावल्या, आतून प्लायवूड ठोकून त्यावर लांबी फिरवून रंग दिला, मधली जागा तशीच राहिली. न्हाणीघराचा पाइप जाण्यासाठी सोडलेलं भोक बाहेर पाण्याच्या टाकीमागे होतं, जिथे कुणी जात नाही. ह्यांनी स्वतः पटाशी घातली आणि प्लायवूड ओढला.

आत खिडकीच्या चौकटीएवढं पोळं होतं. चकत्याच चकत्या, सुबक, वरपासून खालपर्यंत, बऱ्याचशा काळ्या पडलेल्या, खालच्या बाजूला मेण खाणाऱ्या किड्यांची जाळी धरलेली. माश्या थोड्याच उरल्या होत्या आणि त्यांत नरच जास्त. उजेड पडला तरी त्यांनी हल्ला केला नाही, नुसत्या चकत्यांवरून हिंडत राहिल्या. आणि तो आवाज सबंध खोलीत पसरला. ह्यांनी तो आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. त्यांच्या हातातून पटाशी पडली. आक्का दारात उभ्या होत्या, कानात मशीन नव्हतं. त्या पुढे आल्या, चकत्या निरखल्या, एकेका घरात दोन-दोन, तीन-तीन अंडी वेडीवाकडी घातलेली दाखवली. "राणी मेली, नवी झाली नाही. मग कामकरणीच अंडी घालायला लागतात. पण त्यातून नुसते नर निघतात. कामाला कुणी येत नाही." ह्यांनी विचारलं, "कधी मेली असेल?" आक्का भावाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुला माहीत आहे." हे आईच्या खाटेवर बसले आणि लहान मुलासारखे रडले. मला लग्नापासून त्यांचं तसं रडणं माहीत नव्हतं. आक्कांनी त्यांचं डोकं पोटाशी धरलं आणि म्हणाल्या, "अरे, तिला ऊब होती ना त्यांची. सगळा उन्हाळा-पावसाळा तिने त्यांना पाठ लावून काढला. तुला काय करता आलं असतं?" पेट्या देण्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

त्या दिवसांत मी त्यांना एकदा विचारलं की राणी गेल्यावर माश्यांना ते कळतं का. त्या म्हणाल्या, "वास उडायला लागला की कळतं. पण काम थांबत नाही. फुलांवर जातात, पाणी आणतात, दाराशी पहारा देतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, किती छान चाललंय." आता त्या नाहीत. पहाटे फुलं तोडली जातात, टेम्पो वेळेवर जातो, स्वयंपाक होतो, आल्यागेल्याला चहा होतो. लोक म्हणतात, सावरलात हो तुम्ही लवकर. मी हो म्हणते.

पेट्या आम्ही ठेवल्या आहेत. हे बघतात, मी पावसात, फुलं नसतात तेव्हा, माश्यांना साखरेचा पाक घालायचं शिकून घेतलं होतं तेवढं करीन. आता राहिले त्यांचे कपडे. आक्का पेट्यांपाशी जाताना पांढरी सुती पातळं नेसत. गडद रंग दिसला की माश्या चवताळतात, पांढऱ्याला काही करत नाहीत. सासूबाई कुरकुरायच्या, कुवार बाईनं पांढरं नेसू नये म्हणून, पण त्यांनी कधी ऐकलं नाही. ती पातळं मागच्या आठवड्यात मी धुतली, गावातल्या दोघी म्हाताऱ्यांना द्यायची म्हणून, आणि मागच्या अंगणात दोरीवर घातली. बरेच दिवस ढगाळ, गार हवा होती, त्या दिवशी लख्ख ऊन पडलं. संध्याकाळी काढायला गेले तर पातळांवर पिवळे ठिपके. हळदीच्या बोटाने कुणी टिंबं द्यावीत तसे, पदरावर, निऱ्यांवर, सगळीकडे. मला कारण माहीत आहे. माशी आपल्या घरात घाण करत नाही, गारठ्यात कितीही दिवस पोटात धरून ठेवते, आणि पहिलं ऊन पडलं की बाहेर पडून मोकळी होते. पांढऱ्यावर ते दिसतं, एवढंच. पण त्याच दोरीवर ह्यांचे पांढरे सदरे होते, अगदी पातळांना लागून. त्यांवर एकही ठिपका नव्हता.

मी म्हटलं, "पुन्हा धुते." हे पदर हातात धरून उभे होते. म्हणाले, "नको. राहू दे. आणि कुणाला देऊ नकोस." त्यांनी स्वतः घड्या घातल्या, ठिपके आतल्या बाजूला येतील अशा, आणि आमच्या कपाटात वरच्या खणात ठेवल्या.

दुसऱ्या दिवशीही तसंच ऊन होतं. हे मार्केटला गेल्यावर मी माझी एक पांढरी साडी काढली, पाण्यातून काढून त्याच दोरीवर, त्याच जागी घातली. दिवसभर कामात राहिले. मधून मधून खिडकीतून बघत होते, माश्या जांभळाकडून येत होत्या, दोरीवरून जात होत्या. संध्याकाळी साडी काढून आत आणली आणि दिवा लावून सगळी उलगडून पाहिली.

कोरी होती.